सात–एकची सावली

१ डिसेंबर १९८२ ही तारीख हॉकीप्रेमी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारतीय पुरुषसंघाचा सात विरुद्ध एक असा पराभव केला. त्या पराभवाचे खापर गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्या माथी फुटले, त्यांच्या निष्ठेविषयी नाही नाही ते बोलले गेले आणि पुढची कित्येक वर्षे ‘सात–एक’ हे दोन आकडे या देशात एखाद्या शिवीसारखे उच्चारले गेले. हे सारे सर्वांना ठाऊक आहे. सर्वांना ठाऊक नाही ते असे, की त्याच स्पर्धेत, त्याच शहरात आणि त्याच दिवसांत महिलांची हॉकी आशियाई स्पर्धेत पहिल्यांदाच खेळवली गेली आणि भारतीय महिलांनी तिचे सुवर्णपदक जिंकले. त्या संघाच्या कर्णधार होत्या पुण्याच्या एलिझा नेल्सन. १९८३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पराभवाला चार दशके पुरेल एवढी स्मृती लाभली आणि सुवर्णपदकाला सामान्यज्ञानाच्या पुस्तकातील एक ओळ. साहित्याच्या अभ्यासकांनी या विषमतेकडे पाहावे, असे आम्हांस वाटते, कारण हा प्रश्न खेळापेक्षा कथनाचा अधिक आहे.

दोन वर्षे मागे गेले तर चित्र उलटे दिसते आणि तरीही तेच निघते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिलांच्या हॉकीला प्रथमच प्रवेश मिळाला. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या बहिष्कारामुळे अनेक बलाढ्य संघ आले नाहीत. सहा संघांची साखळी स्पर्धा झाली, ऐनवेळी बोलावलेल्या झिंबाब्वेने सुवर्ण जिंकले आणि भारत चौथा आला. भारताने ऑस्ट्रियाला आणि पोलंडला हरवले, खुद्द झिंबाब्वेला १–१ असे बरोबरीत रोखले, चेकोस्लोव्हाकियाकडून एका गोलाने हार पत्करली आणि सोव्हिएत संघाविरुद्धचा सामना १–३ असा गमावला. विजयाला दोन व बरोबरीला एक गुण, असा तो हिशोब होता. भारताचे पाच गुण झाले, सोव्हिएत संघाचे सहा. तो एक सामना बरोबरीत सुटता, तर भारताचे सहा आणि यजमानांचे पाच झाले असते आणि पहिल्याच ऑलिंपिकमधून भारतीय महिला पदक घेऊन परतल्या असत्या. पण त्याच मॉस्कोत पुरुषांनी सुवर्णपदक जिंकले. मग चौथ्या आलेल्या बायकांची चौकशी कोण करणार? म्हणजे १९८० मध्ये पुरुष जिंकले म्हणून महिला दिसल्या नाहीत आणि १९८२ मध्ये पुरुष हरले म्हणून महिला दिसल्या नाहीत. निकाल कोणताही लागो, सावली एकाच बाजूला पडते.

या सावलीला पुढे चित्रपटाचे रूप लाभले. ऑगस्ट २००७ मध्ये आलेला ‘चक दे! इंडिया’ हा महिला हॉकीवरचा चित्रपट म्हणून ओळखला जातो. मराठी वृत्तपत्रांतून महिला खेळाडूंवर जे जे लिहिले जाते, त्यातील निम्म्या मजकुराचा मथळा आजही त्याच्याच नावावर बेतलेला असतो. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांनी इंग्लंडला हरवून सुवर्ण जिंकले, त्या विजयाची वर्तमानपत्रात आलेली लहानशी बातमी हे आपल्या पटकथेचे बीज होते, असे लेखक जयदीप साहनी यांनी सांगितले आहे. बातमी लहान होती, हे त्यांना खुपले, यात त्यांची संवेदनशीलता दिसते. पण त्या बीजातून जे झाड उगवले त्याकडे चिकित्सकपणे पाहिले पाहिजे. कथा कोणाची आहे? एका पुरुष कर्णधाराची. पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात त्याच्याकडून चूक होते, त्याच्यावर देशद्रोहाचा आळ येतो, त्याला राहते घर सोडावे लागते आणि काही वर्षांनी महिलासंघाला विश्वविजेते बनवून तो ते किटाळ धुऊन काढतो. नेगी २००२ च्या महिलासंघाच्या प्रशिक्षकवर्गात होते आणि चित्रपटातील नट्यांना हॉकीचे धडेही त्यांनीच दिले. म्हणजे सात–एकच्या जखमेवरचे औषध म्हणून महिलांचे सुवर्ण वापरले गेले. महिलांच्या विजयाला स्वतःचे प्रयोजन उरले नाही. त्याचे प्रयोजन एका पुरुषाची प्रतिष्ठा परत मिळवणे हे ठरले.

चित्रपट वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो उत्तम बांधलेला आहे आणि त्यातील मुली स्वतंत्र स्वभावाच्या आहेत, नुसती प्यादी नाहीत. पण त्याच चित्रपटात १९८२ च्या दिल्लीतील महिलांचे सुवर्ण एका वाक्यातही यायला जागा नव्हती, कारण ते आले असते तर कथेचा पायाच डळमळला असता. महिलांना कोणीतरी येऊन घडवावे लागते, हे त्या कथेचे गृहीतक आहे. आपल्या कर्णधाराच्या नेतृत्वाखाली आधीच आशियाजेत्या झालेल्या बायका या गृहीतकात बसत नाहीत. आणखी एक गंमत. चित्रपटात भारतीय महिला विश्वचषक जिंकतात. प्रत्यक्षात भारताला आजवर तो जिंकता आलेला नाही. १९७४ साली फ्रान्समधील मांदेल्यू येथे झालेल्या पहिल्याच विश्वचषकात मिळालेला चौथा क्रमांक हीच त्या स्पर्धेतील सर्वोच्च कामगिरी होय. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, माद्रिदच्या विश्वचषकात बारा संघांत भारत अकरावा आला होता. कल्पनेने वास्तवाची भरपाई करावी, याला आमची हरकत नाही. भरपाई झाल्यावर वास्तव पाहण्याची गरजच उरू नये, याला आहे.

आता मराठीकडे वळू. हे लिहीत असताना आम्ही माणमध्ये आहोत. मुळशी तालुक्यातील हे गाव, ज्याच्या भातखाचरांवर हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्याननगरीचा तिसरा टप्पा उभा राहिला. (सातारा जिल्ह्यातील माण तालुका वेगळा. नावाच्या या सारखेपणाने टपालाचे घोटाळे पूर्वी होत असत, आता नकाशाच्या ॲपचे होतात. त्या माणचा उल्लेख पुढे येणारच आहे.) येथून काही किलोमीटरांवर म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी ते उभारले गेले, त्यात हॉकीचे कृत्रिम हिरवळीचे मैदान आहे आणि राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनीही तेथेच चालते. दुसऱ्या अंगाला, पिंपरीच्या नेहरूनगरात, मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे हॉकी स्टेडियम आहे. या औद्योगिक पट्ट्यात कारखान्याच्या पाळ्या आहेत, संगणकावर रात्रपाळी करणारे लोक आहेत, तासन्‌तास खोळंबलेली वाहतूक आहे आणि या सर्वांच्या मधोमध हॉकीची दोन चांगली मैदाने आहेत. मार्च २०२४ मध्ये नेहरूनगरात वरिष्ठ महिलांची चौदावी राष्ट्रीय हॉकी स्पर्धा झाली. अंतिम सामना हरियाणा आणि महाराष्ट्र यांच्यात झाला, हरियाणाने तो ३–० असा जिंकला. यजमान राज्याच्या मुली घरच्या मैदानावर देशात दुसऱ्या आल्या, ही बातमी पुण्याच्या साहित्यिक वर्तुळात किती जणांच्या कानांवर गेली असेल? आमच्या परिचयातील प्राध्यापकांना आम्ही विचारून पाहिले. त्यांतील बहुतेकांना नेहरूनगरात हॉकीचे मैदान आहे, हेच नवीन होते.

हे अज्ञान व्यक्तिगत नाही, त्याला इतिहास आहे. पुण्यात दोन शहरे नांदत आली. एक पेठांचे, जेथे मराठी ग्रंथव्यवहार, व्याख्यानमाला आणि नियतकालिके वाढली. दुसरे लष्कराचे, म्हणजे कॅम्प आणि खडकी येथले, जेथे छावणी होती, दारूगोळ्याचे कारखाने होते, मिशनच्या शाळा होत्या आणि हॉकी होती. धनराज पिल्ले खडकीतून आले, ते उगाच नव्हे. मॉस्कोला गेलेल्या महिलासंघाची यादी वाचावी. कर्णधार रूपा सैनी, आणि त्यांच्या जोडीला एलिझा नेल्सन, सेल्मा डिसिल्वा, मार्गारेट टोस्कॅनो, लॉरेन फर्नांडिस, हुतोक्षी बगली, नाझलीन मद्रासवाला, रेखा मुंडफन, गंगोत्री भंडारी. ख्रिस्ती आणि पारशी घरांतील मुलींचा यात किती मोठा वाटा आहे, हे नावेच सांगतात. या मुलींच्या घरी झग्याची चोरी नव्हती, गुडघे उघडे टाकून मैदानावर धावण्याला ‘लोक काय म्हणतील’ हा अडसर आमच्या पांढरपेशा मराठी घरांइतका नव्हता. त्यामुळे त्या खेळल्या, आणि त्याच कारणाने आम्ही त्यांना ‘आपल्या’ समजलो नाही. पेठांतील लेखणी लकडी पुलापलीकडे गेली ती डेक्कन जिमखान्यापर्यंत. खडकीपर्यंत ती क्वचितच पोहोचली. एलिझा नेल्सन पुण्याच्या, पण मराठी साहित्याच्या पुण्यातल्या नव्हेत. ‘मराठी खेळाडू’ हा शब्द आपण कोणासाठी राखून ठेवतो, याचा विचार या एका नावाने सुरू करता येईल.

मराठीत क्रीडालेखन दुबळे आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला स्वतःचे पान मिळवून दिले आणि कबड्डी-खोखोलाही त्या पानावर मानाने बसवले. शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी यांनी क्रिकेटला मराठी गद्यात असे काही मुरवले, की ज्यांनी आयुष्यात बॅट धरली नाही, असे वाचकही त्यांची पुस्तके पुनःपुन्हा वाचत. प्रश्न सामर्थ्याचा नाही, नजर कोठे वळली याचा आहे. दुसऱ्या बाजूला, स्त्रियांच्या आत्मकथनाची परंपरा मराठीइतकी जुनी आणि संपन्न असलेल्या भाषा थोड्याच. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आजही अभ्यासक्रमात आहेत, दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी या परंपरेचा तळ ढवळून काढला. या साऱ्या लेखनात स्त्रीदेह आहे, पण तो राबणारा, सोसणारा, बाळंत होणारा, मार खाणारा, उपाशी राहणारा देह आहे. ज्याला स्वतःच्या वेगाचा आनंद झाला आहे, जो कंबरेतून वाकून चेंडूला हुलकावणी देतो, ज्याला प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याचा धक्का बसतो आणि जो तो परत देतो, असा स्त्रीदेह आमच्या वाङ्मयात अपवादानेच सापडतो. स्त्रीवादी समीक्षेने देहाविषयी पुष्कळ लिहिले. मैदानावरच्या देहाविषयी ती अजून पुरेसे बोललेली नाही.

जे बोलले जाते ते वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून, आणि ती भाषा तपासण्याजोगी आहे. जिंकणाऱ्या खेळाडूंसाठी मराठीत ठरावीक शब्दांची एक पेटी आहे: रणरागिणी, हिरकणी, सुवर्णकन्या, वाघिणी, आणि अलीकडे सर्वांत लाडका शब्द, लेकी. ‘देशाच्या लेकींनी करून दाखवले.’ या शब्दांत प्रेम आहे, हे आम्ही नाकारत नाही. गावच्या चौकातल्या फलकावर विजयी मुलग्यालाही ‘सुपुत्र’ म्हणतात, हेही खरे. पण सुपुत्र हा शब्द फलकासोबत उतरवला जातो, मुलगा पुढे ‘फॉरवर्ड’ किंवा ‘ड्रॅगफ्लिकर’ म्हणूनच ओळखला जातो. मुलीला तिचे मैदानावरचे काम सांगणारा शब्द फार उशिरा मिळतो. ती डाव्या बगलेत खेळते की मधल्या फळीत, पेनल्टी कॉर्नरला ती चेंडू ढकलते की अडवते, हे बातमी वाचून कळत नाही. तिचे वडील काय करतात, आई कोणाकडे कामाला जाते आणि घराला पत्रे आहेत की स्लॅब, हे मात्र पहिल्याच परिच्छेदात कळते. गरिबीचे हे वर्णन खोटे नसते. पण खेळाडूची गरिबी सांगून तिचा खेळ सांगायचा राहून गेला, तर आपण तिची कथा लिहिली नाही, तिच्यावर कणव केली.

आणि ‘लेक’ या शब्दाला एक अट असते. ती अट ऑगस्ट २०२१ मध्ये उघडी पडली. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२० च्या पण साथीमुळे वर्षभर लांबलेल्या स्पर्धेत, भारतीय महिलांनी २ ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला १–० असे हरवले. गोल गुरजित कौर यांचा, पेनल्टी कॉर्नरवरचा. त्याआधी ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वंदना कटारिया यांनी तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. दोन दिवस साऱ्या देशाच्या त्या लेकी होत्या. ४ ऑगस्टला अर्जेंटिनाकडून १–२ अशी हार झाली आणि त्याच दिवशी हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात वंदना यांच्या घरासमोर काही माणसांनी फटाके फोडले, नाच केला आणि संघात दलित मुली फार झाल्या म्हणून भारत हरला, अशा अर्थाची जातिवाचक शिवीगाळ केली. पुढे अटक झाली, निषेध झाले, तो तपशील येथे नको. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते शब्दाच्या आयुष्याकडे. विजयाच्या दिवशी ‘लेक’ म्हणून जिची जात पुसली होती, पराभवाच्या दिवशी तिला तिची जात परत देण्यात आली. नात्याचे नाव हे असे असते. देणाऱ्याच्या मर्जीवर ते अवलंबून असते. ‘खेळाडू’ हे नाव मर्जीवर अवलंबून नसते, ते कमावलेले असते. दोन दिवसांनी झालेल्या पुढच्या सामन्यात वंदना मैदानावर उतरल्या आणि त्यांनी गोल केला, ही त्या घटनेवरील सर्वांत चांगली टीका होती.

त्या पुढच्या सामन्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ६ ऑगस्ट २०२१, कांस्यपदकासाठी, प्रतिपक्षी ग्रेट ब्रिटन, आधीच्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता संघ. दुसऱ्या सत्रात ब्रिटनची आघाडी दोन–शून्य झाली. मग काही मिनिटांत गुरजित यांनी दोन पेनल्टी कॉर्नर सार्थकी लावले आणि वंदना यांच्या गोलाने मध्यंतराला भारत तीन–दोन असा पुढे गेला. तिसऱ्या सत्रात ब्रिटनने बरोबरी साधली, चौथ्यात चौथा गोल केला. चार–तीन. आदल्याच दिवशी पुरुषांनी जर्मनीला ५–४ असे हरवून एकेचाळीस वर्षांनी पदक आणले होते. या वेळी मात्र सावली पूर्वीसारखी पडली नाही, हे मान्य केले पाहिजे. देशाने सकाळी उठून हा सामना पाहिला, हरलेल्या खेळाडूंबरोबर लोक रडले, कर्णधार राणी रामपाल हे नाव घरोघरी गेले. चाळीस वर्षांत काहीतरी बदलले होते.

तरीही चौथ्या क्रमांकाचे काय करायचे, हे आपल्याला समजत नाही. १९७४ मध्ये चौथा, १९८० मध्ये चौथा, २०२१ मध्ये चौथा, २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे झालेल्या कनिष्ठ विश्वचषकातही चौथा. जगाच्या पातळीवर भारतीय महिला हॉकीचे खरे घर हे आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत चौथा क्रमांक म्हणजे दोन पराभवांवर संपणारा प्रवास. उपांत्य सामना हरायचा, एका रात्रीत सावरायचे, पुन्हा उतरायचे आणि पुन्हा हरायचे. रौप्य मिळवणाराही हरतो, पण एकदाच. कांस्य मिळवणारा हरूनही जिंकून घरी जातो. चौथा मात्र जगातील चार उत्तम संघांत असूनही रिकाम्या हाताने परततो आणि विमानतळावर त्याला हार घालावेत की नाही, हे यजमानांना ठरवता येत नाही. शोकात्मिकेचा तास घेणाऱ्या अध्यापकांना आम्ही विचारतो, यापेक्षा समृद्ध आशय आणखी कोणता हवा? विजयाची कथा सगळ्यांना लिहिता येते, तिचा शेवट ठरलेला असतो. दारुण पराभवाचीही लिहिता येते, सात–एकवर चित्रपट निघालाच. ज्या माणसाने सर्व काही नीट केले आणि तरीही एका गुणाने, एका गोलाने जे हाती लागले नाही, त्याची कथा लिहायला कादंबरीकार लागतो. आमच्या कादंबरीने नोकरीतील, शेतीतील, संसारातील अशी माणसे पुष्कळ रंगवली. मैदानावरचे ते माणूस तिला अद्याप दिसायचे आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. महिला हॉकी आज हरियाणा, झारखंड, ओडिशा, मिझोराम, मणिपूर यांची आहे, मराठी लेखकाने तिच्याविषयी का लिहावे? टोकियोच्या संघात महाराष्ट्राची एकही खेळाडू नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये महिलांची हॉकी इंडिया लीग पहिल्यांदा खेळवली गेली तेव्हा तिच्यातील चार संघांत महाराष्ट्राचा संघ नव्हता. पण या आक्षेपाचे उत्तर सातारा जिल्ह्यातून आले आहे आणि ते वाङ्मयीन दृष्टीनेही मोठे वेधक आहे. पॉचेफस्ट्रूमला चौथ्या आलेल्या संघात दोन नावे होती, वैष्णवी विठ्ठल फाळके आणि अक्षता आबासो ढेकळे. दोघीही फलटण तालुक्यातील, दोघीही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या. त्यांच्या मागोमाग आले ऋतुजा दादासो पिसाळ हे नाव. २०२३ मध्ये जपानला कनिष्ठ महिलांनी कोरियाला हरवून आशिया चषक जिंकला, त्या संघात वैष्णवी आणि ऋतुजा होत्या. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवणाऱ्या वरिष्ठ संघातही वैष्णवी होत्या.

ही नावे पुन्हा एकदा वाचा. संघाच्या अधिकृत यादीत इतर खेळाडूंची नावे दोन शब्दांची असतात: सलीमा टेटे, नवनीत कौर, इशिका चौधरी. महाराष्ट्राच्या मुलींची तीन शब्दांची, शाळेच्या हजेरीपटावर असतात तशी, मधे वडिलांचे नाव घेऊन. आणि वडिलांचे नाव तरी कसे, ‘आबासो’, ‘दादासो’. आबासाहेबाचे आबासो, दादासाहेबाचे दादासो. पश्चिम महाराष्ट्रातील तलाठ्याच्या दप्तरात, सोसायटीच्या सभासदयादीत आणि लग्नपत्रिकेत दिसणारे हे संक्षिप्त आदरार्थी रूप प्रमाण मराठीच्या कोणत्याही कोशात मानाने बसलेले नाही. ते आज आंतरराष्ट्रीय हॉकीच्या धावफलकावर, कधी दक्षिण आफ्रिकेत, कधी जपानमध्ये, रोमन अक्षरांत झळकते. परदेशी समालोचकाला त्याचा अर्थ कळत नसेल. आपल्याला कळतो आणि आपण त्यावर दोन ओळी लिहीत नाही, याचे आम्हांला नवल वाटते. ‘देशाची लेक’ या उसन्या नात्यापेक्षा हे खरे नाते किती ठोस आहे! ही अमक्या आबासोंची मुलगी, हे तिने स्वतः पाठीवर वागवलेले नाव आहे, कोणी बहाल केलेले नाही. कोणी म्हणेल, बापाचे नाव मधे असणे ही पितृसत्तेचीच खूण. असेलही. त्यावर वाद व्हावा, तो आम्हांला हवाच आहे. एलिझा नेल्सनपासून अक्षता आबासो ढेकळेपर्यंत महाराष्ट्राच्या हॉकीने केलेला प्रवास म्हणजे छावणीकडून शिवाराकडे, मिशनच्या शाळेकडून जिल्हा परिषदेच्या शाळेकडे झालेला प्रवास आहे. समाजशास्त्रज्ञाच्या प्रबंधाचा हा विषय आहेच, पण तो त्याआधी कथाकाराचा आहे.

फलटणला लागूनच दुसरा माण तालुका आहे. तेथील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. याच दुष्काळी पट्ट्याने मराठी वाङ्मयाला ‘माणदेशी माणसे’ दिली. व्यंकटेश माडगूळकरांच्या त्या पुस्तकातील माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात, कारण लेखक त्यांच्याकडे दया दाखवायला गेला नव्हता, पाहायला गेला होता. त्याच मातीतल्या मुली आता काठी हातात घेऊन वाकून धावत आहेत. त्यांच्याकडे पाहायला कोणी गेले आहे काय?

आमची सूचना साधी आहे, आणि ती विद्यापीठांतील मराठी विभागांना उद्देशून आहे. एम. ए. च्या विद्यार्थ्यांकडून लोककलावंतांच्या, कामगारांच्या, विस्थापितांच्या मुलाखती आपण घेऊन घेतो. त्यात मॉस्को आणि दिल्लीच्या पिढीतील खेळाडूंचा समावेश करावा. एलिझा नेल्सन यांचा जन्म १९५६ सालचा. त्यांच्या सोबतिणी आज सत्तरीच्या घरात आहेत, आणि ही कामे पुढच्या वर्षावर ढकलण्याजोगी नसतात. मुलाखत मराठीत होईल असे नाही. इंग्रजीत होईल, कोकणीत होईल, हिंदीत होईल, मग ती मराठीत आणण्याचे काम आपले. प्रश्न फार मोठे नकोत. ‘देशासाठी खेळताना काय वाटले’ हे विचारू नये, त्याचे उत्तर सर्वांना पाठ आहे. मुरमाड आणि गवती मैदानांवर वाढलेल्या पायांना परदेशातली कृत्रिम हिरवळ पहिल्यांदा कशी लागली? पायांत बूट कोणते होते? रेल्वेची नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून घरी काय आणले? आणि १ डिसेंबर १९८२ च्या संध्याकाळी, पुरुषांचा सामना संपल्यावर, स्वतःच्या सुवर्णपदकाचे त्यांनी काय केले? गळ्यात राहू दिले, की पिशवीत ठेवले?